तीन आण्यांचें भाषण

राजकीय पुढाऱ्यांच्या भाषणांचे संग्रह आपल्याकडे पुष्कळ निघतात, आणि ते वाचले मात्र फार थोडे जातात. याचें खापर वाचकांच्या आळसावर फोडण्याची आपली जुनी चाल आहे. आमच्या मतें दोषाचा मोठा वांटा संग्रहकारांकडे जातो. जाहीर सभेंतील भाषण आणि संसदेंतील भाषण हे दोन निराळे वाङ्मयप्रकार आहेत, हें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. सभेंत वक्ता एकटा बोलतो. श्रोते टाळ्या वाजवितात, नाहीं तर उठून जातात. उत्तर देत नाहींत. संसदेंत ज्याच्यावर आरोप करावयाचा तोच समोर बसलेला असतो. त्याला मध्येंच उठून बोलण्याची मुभा असते. आणि त्याचें उत्तर त्याच वृत्तान्तांत पुढच्या पानांवर छापलें जातें. असें असतां संग्रहकार करतो काय? आपल्या नायकाचें भाषण तेवढें उचलतो, मधले अडथळे, अध्यक्षांची समज, प्रतिपक्षाचे टोमणे छाटून टाकतो, उत्तराला तर हातच लावीत नाहीं, आणि एका चकमकीचा निबंध करून आपल्या हातीं ठेवतो. असा निबंध कंटाळवाणा वाटला तर नवल तें काय?

ही खोड आपण साहेबापासून उचलली असावी. आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या एडमंड बर्क याचें अमेरिकेशीं समेट करण्याविषयींचें भाषण शिकविलें गेलें. २२ मार्च १७७५ रोजीं झालेलें हें भाषण इंग्रजी गद्याचा आदर्श म्हणून आम्हींही वर्गांत शिकविलें आहे. त्यांतील वाक्यांचे डोलारे विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले जातात, अलंकार ओळखविले जातात. पण त्या भाषणाला समोरच्या बाकांवरून कोणीं काय उत्तर दिलें हें कोणी विचारीत नाहीं. त्या दिवशीं बर्कचा पहिला ठराव २७० विरुद्ध ७८ मतांनीं पडला. पुढें पुढें तर त्याचे समकालीन सभासद थट्टेनें त्याला जेवणाची घंटा म्हणूं लागले, कारण तो बोलावयास उभा राहिला कीं बाकें रिकामीं होत.

मग विरोधी पक्षाच्या वक्त्याचें मोजमाप कशानें करावयाचें? मतदान हें त्याचें माप होऊं शकत नाहीं. तो निकाल बहुधा भाषणापूर्वींच ठरलेला असतो. ओघवती भाषा, कोट्या, संस्कृत सुभाषितें हीं मापें वक्तृत्वस्पर्धेस ठीक आहेत. आम्हांस खरें माप एकच दिसतें. सरकारनें आपण होऊन जें कधींच सांगितलें नसतें असें कोणतें उत्तर त्या भाषणानें सरकारच्या तोंडून काढून घेतलें? हें माप हातीं धरून डॉ. राममनोहर लोहिया यांच्या लोकसभेंतील भाषणांकडे, आणि विशेषेंकरून त्यांच्या एका भाषणाकडे, पाहण्याचा आमचा विचार आहे.

लोहिया लोकसभेंत फार उशिरां आले आणि फार थोडे दिवस राहिले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत फूलपूर येथें खुद्द पंडित नेहरूंच्या विरुद्ध उभे राहून ते पराभूत झाले. १९६३ च्या पोटनिवडणुकींत फर्रुखाबादहून निवडून आले. आणि १२ ऑक्टोबर १९६७ रोजीं त्यांचें निधन झालें. म्हणजे सारीं मिळून चार वर्षें. मराठी वाचकांस हें नांव परकें नाहीं. १८ जून १९४६ रोजीं मडगांवच्या सभेनें गोव्याच्या मुक्तिलढ्यास त्यांनीं जी चालना दिली ती आपल्या इतिहासाचा भाग झाली आहे. संसदपटु म्हणून मात्र आपला वाचक आधीं बॅरिस्टर नाथ पै यांचें नांव घेईल, आणि तें साहजिकही आहे. राजापूरच्या मतदारसंघांतून १९५७ पासून लागोपाठ तीनदां निवडून आलेल्या नाथ पैंचें इंग्रजी कानाला गोड आणि रचना बांधीव. लोहियांच्या भाषणांत हा बांधीवपणा शोधूं जाल तर फसाल. एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उडी, मध्येंच एक चिमटा, मध्येंच एखादें सूत्रासारखें विधान, मध्येंच अध्यक्षांशीं नियमांवरून हुज्जत, असा सारा मामला आहे. शिवाय भाषा हिंदी. बर्लिनला राहून डॉक्टरची पदवी मिळविलेल्या या विद्वानास इंग्रजी येत नव्हतें असें त्यांचे शत्रूही म्हणणार नाहींत. तत्त्व म्हणून त्यांनीं तें टाकलें होतें.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं. ऑगस्ट १९६३ मध्यें आचार्य कृपलानी यांनीं नेहरूंच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेंत चर्चेस आलेला हा अशा प्रकारचा पहिलाच ठराव. कृपलानीही लोहियांप्रमाणें त्याच वर्षींच्या पोटनिवडणुकींत निवडून आलेले. आदल्या वर्षींच्या चिनी आक्रमणाची जखम ओली होती, तेव्हां विरोधकांच्या भाषणांत सीमेचा विषय येणें क्रमप्राप्तच होतें. चार दिवस चर्चा होऊन ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनीं फेटाळला गेला. २१ ऑगस्ट रोजीं लोहिया बोलले. सीमेविषयीं त्यांनींही बोलून घेतलें. पण त्या भाषणांतून मागें राहिली ती एक निराळीच गोष्ट. देशांतील २७ कोटि माणसें दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात, असें त्यांनीं सभागृहास सांगितलें; आणि त्याच्या शेजारीं पंतप्रधानांच्या कुत्र्याचा रोजचा खर्च तीन रुपये, व खुद्द पंतप्रधानांवर होणारा रोजचा खर्च पंचवीस हजारांच्या घरांतला, असे आंकडे मांडले.

पंतप्रधानांकडून उत्तर आलें तें असें: नियोजन मंडळाच्या हिशेबाप्रमाणें हा आंकडा तीन आणे नसून पंधरा आणे आहे. दुसरा एखादा वक्ता येथें गप्प बसला असता, किंवा सभात्याग करून बाहेर वर्तमानपत्रवाल्यांपुढें गेला असता. लोहियांनीं आव्हान स्वीकारलें आणि याच एका प्रश्नावर स्वतंत्र चर्चा मागितली. ती सप्टेंबर १९६३ मध्यें झाली, आणि तींत नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांस सांगावें लागलें कीं, लोकसंख्येच्या खालच्या शेंकडा साठ भागाचा विचार केला तर रोजचा आंकडा साडेसात आणे येतो.

पंधराचे साडेसात झाले. आमच्या मतें लोहियांच्या साऱ्या संसदीय कारकीर्दींतील मोठी घटना हीच, आणि वर सांगितलेल्या मापानें पाहतां आपल्या लोकसभेंतील विरोधी भाषणांत तिच्या तोडीच्या घटना फार नाहींत. येथें कोणी खोटें बोललें नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पंधरा आणे हा आंकडाही आपल्या जागीं खराच होता. राष्ट्राचें सारें उत्पन्न घ्यावें, त्यास चव्वेचाळीस कोटि डोक्यांनीं भागावें, जें येईल तें वर्षाचें. त्यास दिवसांनीं भागावें. पंधरा आणे रोज म्हणजे वर्षास सुमारें ३४२ रुपये. पण प्रश्न होता कोट्यवधि गरिबांच्या ताटांत काय पडतें हा, आणि उत्तर दिलें गेलें साऱ्या पंगतीच्या सरासरीचें. गिरणीमालक आणि त्याच्या दारचा पाटीवाला यांची सरासरी काढली तर पाटीवालाही सुखवस्तु ठरतो. सरासरी हें मोठें सभ्य शस्त्र आहे. त्यानें कोणास जखम होत नाहीं आणि प्रश्न मात्र मरतो.

हा वाद १९६३ चा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दादाभाई नौरोजींनीं १८६७ ते १८७० या काळाचा हिशेब करून हिंदी मनुष्याचें सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये ठरविलें. सरकारला तें झोंबलें. १८८२ मध्यें बेअरिंग व बार्बर यांनीं उलट हिशेब करून २७ रुपये काढले. १९०१ मध्यें लॉर्ड कर्झन ३० पर्यंत चढले. दादाभाईंचें म्हणणें तेव्हांही हेंच होतें कीं, वीस रुपये ही सुद्धां सरासरी आहे. तींत संस्थानिक, सावकार, गोरे अंमलदार सारे आले. खालच्यांच्या वांट्यास वीसही येत नाहींत. दादाभाई १८९२ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटांत निवडून गेले आणि तेथेंही त्यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा धोशा सोडला नाहीं. त्या वेळीं उत्तर देणारें सरकार परकें होतें. ऐंशी वर्षांनीं स्वकीय सरकारनेंही त्याच कोठारांतलें तेंच शस्त्र काढावें, हा योगायोग मौजेचा म्हणावा कीं दुःखाचा, हें वाचकांनींच ठरवावें.

तर मग लोहियांचे तीन आणे खरे होते काय? त्यांचे अनुयायी हा प्रश्न टाळतात आणि टीकाकार दुसरा प्रश्नच विचारीत नाहींत. आम्हांस तो टाळण्याचें कारण दिसत नाहीं. सरकारनें १९५६-५७ मध्यें शेतमजुरांची जी पाहणी केली तींत शेतमजूर कुटुंबांतील दरमाणशीं वार्षिक उत्पन्न सुमारें ९९ रुपये आढळलें, म्हणजे रोजचे साडेचार आणेही पुरते होत नाहींत. ही सरासरी, तेव्हां त्याखालीं तीन आण्यांवर जगणारे मजूर खासच असले पाहिजेत. पण २७ कोटि? त्या वेळच्या लोकसंख्येंत हे शेंकडा साठांहून थोडे अधिक भरतात. साऱ्या देशाची सरासरी पंधरा आणे आणि या साठ जणांची तीन, असें धरलें तर राष्ट्राच्या उत्पन्नाचा केवळ आठवा हिस्सा त्यांच्या वांट्यास येतो. हें संभवनीय दिसत नाहीं. उलट नंदांचा आंकडा त्याच मापाचा आहे असें धरून चाललें तर साठ जणांकडे शेंकडा तीस उत्पन्न जातें, आणि तें विश्वसनीय वाटतें. गणिती म्हणून लोहिया हरले, असा निकाल द्यावा लागेल.

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. १९६२ मध्यें सरकारच्याच एका तज्ज्ञमंडळानें किमान जीवनमानासाठीं दरमहा दरमाणशीं वीस रुपये लागतात असें १९६०-६१ च्या किंमतींप्रमाणें ठरविलें होतें. त्यांत औषधोपचार व शिक्षण यांचा खर्च धरलेला नव्हता. वीस रुपयांचे आणे करून तीस दिवसांनीं भागा: रोजचे साडेदहा आण्यांहून थोडे अधिक. म्हणजे मंत्रिमहाशयांनीं लोहियांस खोडून काढण्याकरितां जो आंकडा सांगितला त्यानेंच हें सिद्ध झालें कीं, देशांतील दहांपैकीं सहा माणसांची सरासरी सरकारनेंच मानलेल्या किमान रेषेच्या बरीच खालीं आहे. विरोधकाला याहून अधिक काय पाहिजे? पुढें १९७१ मध्यें पुण्याच्या गोखले अर्थशास्त्रसंस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर व डॉ. नीळकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत याहूनही खालची मर्यादा, खेड्यांत दरमहा पंधरा रुपये, म्हणजे रोजचे सुमारें आठ आणे, घेतली. आणि १९६०-६१ मध्यें खेड्यांतील शेंकडा चाळीस लोक तिच्याही खालीं आहेत असें दाखविलें. शहरांसाठीं मर्यादा साडेबावीस रुपयांची; तिच्याखालीं शेंकडा पन्नास. दांडेकर-रथांचें काम शांत, निर्विकार, आंकडेशास्त्राच्या शिस्तींतलें आहे. पण ज्या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें तो लोकसभेंत आठ वर्षें आधीं एका बेशिस्त वक्त्यानें विचारला होता.

याच ठिकाणीं आम्हांस नामदार गोखल्यांचें स्मरण होतें. २६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत त्यांनीं केलेलें अंदाजपत्रकावरील भाषण हा सरकारचेच आंकडे घेऊन सरकारला निरुत्तर करण्याचा आपल्याकडील नमुना होय. तिजोरींत शिल्लक उरते हें समृद्धीचें लक्षण नसून जास्त कर घेतल्याचें लक्षण आहे, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांचा दोन झाला. (लोहियांनीं बर्लिनला प्रबंध लिहिला तोही मिठाच्या करावरच, हें येथें सहज आठवलें.) गोखल्यांनीं ज्याचा आधार दाखवितां येणार नाहीं असा एकही आंकडा तोंडांतून काढला नसता. आमची मनोवृत्ति शिक्षकाची. ती गोखल्यांकडे झुकते, हें लपवीत नाहीं. पण गोखल्यांच्या पद्धतीस एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती ही कीं, सरकारनें आंकडे छापलेले आहेत. शिल्लक किती, कर किती, लष्करी खर्च किती, हें सारें त्यांस छापील मिळत होतें. १९६३ च्या ऑगस्टांत राष्ट्रीय उत्पन्न किती हें छापलेलें होतें. तें वांटलें कसें गेलें हें नव्हतें. त्याचा विचार करण्याकरितां प्रा. महालनोबिस यांची समिति १९६० मध्यें नेमलेली होती, पण तिचा अहवाल येण्यास १९६४ साल उजाडलें. ज्या कोठारास कुलूप आहे त्याच्यांतलें धान्य मोजून दाखवा असें विरोधकास म्हणण्यांत अर्थ नाहीं. त्यानें दारावर धोंडा मारावा लागतो. तीन आणे हा तो धोंडा होता. त्याचें वजन बरोबर नव्हतें. दार मात्र उघडलें.

त्या धोंड्याचा घाटही पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १९५७ पासून आणा हें नाणें कायद्यानें गेलेलें. शंभर नव्या पैशांचा रुपया होऊन सहा वर्षें लोटलेलीं. हिशेबी मनुष्य एकोणीस नये पैसे म्हणाला असता. लोहिया तीन आणे म्हणाले, कारण बाजारांत भाजीवाली अजून आण्यांतच बोलत होती. आणि गंमत अशी कीं, त्यांच्यामागोमाग सरकारलाही आण्यांतच बोलावें लागलें! रद्द झालेल्या नाण्यांत नियोजन मंडळाचा हिशेब सांगितला जात आहे, हें दृश्य वृत्तान्तांत वाचतांना हंसूं आवरत नाहीं. इंग्रजी बोलणाऱ्या सभागृहांत दारिद्र्याची चर्चा दरमाणशीं उत्पन्न, उपभोग, विकासाचा वेग अशा शब्दांनीं होत असे. त्या शब्दांना वास नसतो. तीन आण्यांना होता. त्यांत किती पीठ, किती मीठ, किती रॉकेल बसतें हें प्रत्येक गृहिणीस तोंडपाठ. हिंदीच्या आग्रहाबद्दल लोहियांशीं वाद घालतां येईल, दक्षिणेंतील सभासदांनीं तो घातलाही. पण हें एक भाषण इंग्रजींत होऊंच शकलें नसतें, एवढें आम्ही इंग्रजीवर पोट भरूनही म्हणूं.

कुत्र्याचें काय? तीन आणे आणि तीन रुपये या दोन तिनांची जोडी ऐकणाराच्या मनांत पक्की बसते यांत शंका नाहीं. व्यासपीठावर ती शोभली असती. लोकसभेंत ती अनावश्यक होती, आणि आमच्या मतें अपायकारकही. २७ कोटींच्या प्रश्नाला उत्तर देणें जड जात असतां प्रतिपक्षाला पंतप्रधानांच्या घरखर्चाविषयीं रागावण्याची सोय तिनें करून दिली. ज्याला रागावतां येतें त्याला उत्तर द्यावें लागत नाहीं. लोहियांचा हा दोष जन्मभराचा. श्रीमंतांच्या उधळपट्टीस मर्यादा घालावी हा त्यांचा विचार गंभीर होता. पण तो मांडतांना व्यक्तीवर नेम धरल्यावांचून त्यांस राहवत नसे, आणि ती व्यक्ति बहुधा एकच असे. पुढच्या चार वर्षांतील भाषणें एका दमांत वाचूं गेल्यास हा सूर थकवितो. दामांची बांधणी, भाषा, जाति, खेड्यांतील स्त्रियांच्या शौचकूपांचा प्रश्न (हा विषय त्या सभागृहांत उच्चारावयास धैर्य लागत होतें), असे त्यांचे ठरलेले विषय पुन्हां पुन्हां येतात. कांहीं ठिकाणीं नवा प्रकाश पडतो, पुष्कळ ठिकाणीं पडत नाहीं.

या प्रसंगाचें श्रेय एकट्या लोहियांस देणें हेंही न्यायाचें होणार नाहीं. बहुमत पांचपट असतां सरकारनें आंकड्याला आंकड्यानें उत्तर दिलें. एका नवख्या, अपमानकारक बोलणाऱ्या सभासदाच्या मागणीवरून स्वतंत्र चर्चा होऊं दिली. अध्यक्ष सरदार हुकमसिंग यांनीं ती चालविली. आणि नंदांनीं पंधराचाच हेका न धरतां साडेसात सांगितले. नेहरूंच्या विरोधकांचें मोठेपण सांगतांना त्यांच्या समोर बसलेल्या नेहरूंना वगळतां येत नाहीं, तसेंच नेहरूंच्या चरित्रकारांनींही तीन आण्यांचा हा दिवस वगळूं नये.

हिंदींत लोहियांच्या लोकसभेंतील भाषणांचे संग्रह झालेले आहेत. मराठींत त्यांच्या विचारांवर व आठवणींवर लिहिलें गेलें, पण या चर्चेचा साद्यंत अनुवाद अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. ऑगस्टमधील भाषण, पंतप्रधानांचें उत्तर, सप्टेंबरमधील सबंध चर्चा, आणि शेवटीं परिशिष्टादाखल शेतमजूर-पाहणी व दांडेकर-रथ यांचे आंकडे, एवढें घेतलें तरी एक आटोपशीर पुस्तक होईल, आणि तें अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकेंच वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसही उपयोगी पडेल. कोणी प्रकाशक तें हातीं घेईल तर त्यानें सभासदांचे अडथळे कंसांत जसे आहेत तसेच ठेवावे, आणि नंदांचें भाषण एका ओळीनेंही कमी करूं नये.